सप्ताह, काकडा, अजान आणि भोंगा: 168 ची नोटीस आल्यावर कलम 25 किती कामाला येतं?

पूर्वभाग_सांगली

जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं. विठ्ठल मंदिर आणि मशीद एकाच रस्त्यावर, मधे दोनेकशे फूट. दोन्हीकडे छपरावर भोंगे आहेत. कुणीतरी अर्ज दिला आणि मंदिराच्या ट्रस्टला व मशिदीच्या जमातीला एकाच दिवशी पोलिसांची कलम 168 ची नोटीस मिळाली: 'विनापरवाना ध्वनिक्षेपक वापरू नये.'

माघात अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे 4 ते 6 काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री 9 ते 11 कीर्तन, त्यानंतर जागर. वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. सगळं माईकवर. तिकडे पहाटेची अजान, रमजानमध्ये सहेरीची हाक, आणि उरुसाला रात्री कव्वाली.

गावात तीन मतं पडली आहेत. एकांचं म्हणणं, घटनेनं धर्मस्वातंत्र्य दिलंय, नोटिशीला भीक घालायची नाही. दुसऱ्यांचं, सरकार धर्मनिरपेक्ष आहे म्हणजे धर्माचं काहीच रस्त्यावर चालणार नाही, सप्ताह घरात करा. पोरांचं, 'आधी त्यांचा बंद, मग आमचा.' ग्रामसभेत ठराव घ्यायचाही विचार चाललाय. कायद्यानं नेमकं काय चालतं? परवानगी कुणाची, कागद कुठले? रात्रीच्या कीर्तनाचं काय करायचं? आणि ग्रामपंचायतीच्या पैशातून नवा साऊंड घेता येईल का?

कोर्टरोड

तिन्ही मतं चुकीची आहेत. क्रमानं घेऊ.

घटनेचं कलम 25 वाचताना लोक पहिला अर्धा भाग सोडतात. त्याची सुरुवातच अटीनं होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी, यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क. 'इतर तरतुदी'मध्ये कलम 21 येतं, म्हणजे शेजारच्या घरात झोपलेल्या आजाऱ्याचा जगण्याचा हक्क. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2005 च्या ध्वनिप्रदूषण निकालात हेच धरलं, की नको असलेला आवाज कानावर न पडणं हासुद्धा 21 चाच भाग. त्याआधी 2000 साली चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं होतं, की इतरांची शांतता मोडून किंवा ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना करा असं कुठलाही धर्म सांगत नाही. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, अलाहाबाद उच्च न्यायालयानं तर फार स्वच्छ रेघ ओढली: माणसाच्या तोंडची अजान चालेल, तिला अडवू नका; ध्वनिक्षेपकाचा हक्क मात्र धर्मस्वातंत्र्यात येत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कुर्ल्याच्या प्रकरणात पुन्हा तेच सांगितलं.

म्हणजे तुमचा सप्ताह, काकडा, अजान, उरूस हे सगळं 25 आणि 26 खाली सुरक्षित आहे. भोंगा नाही. हा भेद ध्यानात ठेवला की निम्मी भांडणं संपतात.

दुसरं मत, 'धर्मनिरपेक्ष म्हणजे रस्त्यावर धर्म नको'. आपल्याकडे तसं कधीच नव्हतं. पालखी, ताबूत, पंचकल्याणक, जयंतीच्या मिरवणुका सगळ्या सार्वजनिक जागेतच होतात आणि पोलीस बंदोबस्त देतात. शासनानं बघायचं ते वेळ, जागा, आवाज आणि वाहतूक. देव कुठला हे बघायचं नाही. पोरांचं तिसरं मत इथंच गळतं. तुम्हाला नियम लागू होणं हे शेजाऱ्याला आधी लागू होण्यावर अवलंबून नसतं. समोरच्याकडून नियम मोडला जात असेल तर वेगळा अर्ज द्या. 'ते करतात म्हणून आम्हीही' हा बचाव कुठल्याच कोर्टात टिकत नाही.

आता नियम. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000. नियम 5 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावायचा नाही, दिवसासुद्धा. रात्र म्हणजे 10 ते 6. त्या वेळात फक्त बंदिस्त जागेत, आणि आतल्या लोकांपुरता. 2010 च्या दुरुस्तीनंतर यात नुसता ध्वनिक्षेपक नाही, वाद्येही आली. म्हणून 'माईक बंद केला, आता टाळ-मृदंग रात्रभर उघड्या मंडपात' हेही काटेकोरपणे बघितलं तर बसत नाही. मंदिराचा भिंतींचा सभामंडप असेल तर बसतं.

राज्य शासनाला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 10 ते 12 पर्यंत सूट देता येते. जिल्हाधिकारी दिवस जाहीर करतात. यादीत साधारण शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सवातले आणि नवरात्रातले ठरावीक दिवस, ईद-ए-मिलाद, ख्रिसमस, 31 डिसेंबर असे असतात. तुमच्या सप्ताहाचे सातही दिवस त्यात येणं अवघड. आणि एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात: ही सूट फक्त रात्री 10 ते 12 ची आहे. पहाटे 6 च्या आधीची सूट देण्याचा अधिकारच कुणाला नाही. त्यामुळे काकडा, फजरची अजान आणि सहेरीची हाक एकाच पारड्यात. तिन्ही बाहेरच्या भोंग्यावर चालणार नाहीत, कितीही मोठ्या माणसाचं पत्र आणलं तरी.

परवानगीसाठी अर्ज पोलीस ठाण्यात, प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे. नियमात 'प्राधिकारी' म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला नेमलेला अधिकारी; पण कागद ठाण्यातूनच वर जातो. कार्यक्रमाच्या निदान 15 दिवस आधी द्या आणि पोहोच घ्या. सोबत ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र (मशिदीच्या बाबतीत वक्फ नोंदणीचं), मंडप ग्रामपंचायतीच्या जागेत असेल तर तिचा दाखला, खासगी रानात असेल तर मालकाचं संमतीपत्र आणि सातबारा, महावितरणची तात्पुरत्या जोडणीची पावती, साऊंडवाल्याचं नाव-पत्ता, आणि स्पीकर किती, कुठल्या दिशेला तोंड करून, याचा हाताने काढलेला नकाशा. हा नकाशा कुणी जोडत नाही, आणि अर्ज रखडण्याचं ते एक मोठं कारण. ट्रस्ट नोंदलेला नसेल आणि नुसती सप्ताह कमिटी वर्गणी काढणार असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 41-क खाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे आधी अर्ज लागतो.

नोटिशीबद्दल: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 149 ची नोटीस, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली समज, तीच आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 ची. हा आरोप नव्हे, शिक्षाही नव्हे. उत्तर न देणं मात्र पुढं अंगाशी येतं, कारण 'समज देऊनही ऐकलं नाही' हे वाक्य पंचनाम्यात येतं. उच्च न्यायालयानं 2025 मध्ये पायऱ्या घालून दिल्या: आधी समज, मग दंड, मग साहित्य जप्त आणि परवाना रद्द करण्याची कारवाई. पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम 15 एप्रिल 2024 पासून बदललंय. तुरुंगवास गेला, पण दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत. आणि अर्ज कुणी दिला ते शोधत बसू नका. तक्रारदाराचं नाव उघड करू नये असंही त्याच निकालात आहे.

मिरज_साऊंड

कायदा वर आला, आता आवाजाचं गणित बघा. बहुतेक गावं इथंच मार खातात.

रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. ध्वनिक्षेपक असेल तर त्या जागेच्या हद्दीवर त्याच्या वर 10 किंवा सरळ 75, यातलं जे कमी ते. म्हणजे गावात दिवसा हद्दीवर 65. भोंग्याचं युनिट 1 वॅटला 1 मीटरवर साधारण 107 देतं. 30 वॅट सोडले की 15 वाढले, झाले 122. अंतर दुप्पट झालं की 6 कमी होतात. मंदिराचं कंपाउंड 15 मीटरवर धरा, तिथं 98 उरतात. मर्यादेच्या 33 वर. 33 डेसिबल म्हणजे ताकदीच्या हिशोबात दोन हजारपट! म्हणून 'भोंगा जरा बारीक करतो साहेब' हे बोलणं फोल आहे. 65 मध्ये आणायला त्याच भोंग्याला 15 मिलिवॅट द्यावे लागतील. तेवढ्यावर नुसती खरखर ऐकू येईल. भोंगा हे लांब फेकायचं यंत्र आहे, ते खाली उतरवाच.

त्याच्या जागी मंडपात चार छोटे कॉलम लावा. 10-20 वॅटचे पुरतात. उंची सात फूट, तोंड खाली आणि आत, म्हणजे श्रोत्यांकडून देवाकडं. देवाकडून रस्त्याकडं नव्हे. एका कॉलमचा श्रोता 5 मीटरच्या आत ठेवायचा. मग पाव वॅटसुद्धा पुष्कळ होतो: ऐकणाऱ्याला 72 च्या आसपास, कीर्तनातला शब्दन् शब्द कळतो. दोन मोठे टॉप पुढं ठेवून शेवटच्या माणसापर्यंत आवाज ढकलायचा म्हटलं की पुढचा बहिरा आणि हद्दीवर 80.

कापडी कनात आवाज अडवत नाही, भ्रमात राहू नका. स्लॅबचा, भिंतींचा सभामंडप खिडक्या लावून 15-20 डेसिबल खातो, उघड्या ठेवल्या तर निम्मेच.

मृदंगाला वेगळा माईक देऊ नका. दोनशे माणसांच्या मंडपात मृदंग तसाच पोचतो. वीस टाळकरी बिनमाईकचे सहज 85 ओलांडतात, मग ते दडपायला बुवांचा माईक वाढतो, मग शिट्टी येते, मग ऑपरेटर ट्रेबल मारतो आणि बुवा चिडतात. टाळकरी स्पीकरच्या मागं उभे करायचे आणि कीर्तनकाराला तोंडापाशी माईक द्यायचा. मिक्सरनंतर कॉम्प्रेसर-लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारं यंत्र) घाला, रेशो 10 ला 1. जयघोषाच्या वेळी, सगळे एकदम 'पुंडलिक वरदे' म्हणतात तेव्हा, हद्दीवर मोजून थ्रेशोल्ड (आवाज दाबायला सुरुवात होते ती पातळी) लावा आणि झाकणावर टेप चिकटवा. नाहीतर अकरा वाजता कुणीतरी उत्साही मुलगा येऊन सगळं फिरवतो.

मोबाईलच्या ॲपवर मोजायचं तर ए-वेटिंग (माणसाच्या कानाप्रमाणे मोजणी) आणि स्लो (संथ प्रतिसाद) निवडा, फोन छातीच्या उंचीवर, भिंतीपासून लांब. फोन पाच-सहा डेसिबलनी चुकू शकतो, म्हणून 65 ऐवजी 60 चं धोरण ठेवा. पोलिसांचं मीटर कॅलिब्रेट केलेलं असतं, त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

नागाचा_शिराळा

कोर्टरोड सर, एक शंका. तुम्ही म्हणता आचरण सुरक्षित, साधन नाही. मग बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचं काय? तिथं जिवंत नाग हेच आचरण होतं. ते उच्च न्यायालयानं बंद केलंच की. म्हणजे कोर्टाला वाटेल ते आचरण, नाही वाटलं तर साधन, असंच ना?

कोर्टरोड

शंका रास्त आहे, आणि त्यातला टोमणाही काही प्रमाणात खरा आहे. 1954 च्या शिरूर मठ निकालापासून न्यायालयं 'धर्माचा आवश्यक भाग कोणता' हे तपासत आली आहेत. धर्मग्रंथ वाचून न्यायाधीशांनी आवश्यक-अनावश्यक ठरवणं ही कसोटी मला स्वतःला फारशी पटत नाही. धर्मनिरपेक्ष शासनाच्या न्यायालयानं पंडिताच्या जागी बसू नये. पण शिराळ्याला त्या कसोटीपर्यंत जायचीही गरज नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 'शिकार' या व्याख्येतच पकडणं येतं, आणि कलम 9 खाली ते सगळ्यांना बंद. गारुड्याला, भाविकाला, हौशी सर्पमित्राला, सगळ्यांना. धर्म बघून केलेला कायदा नाही, म्हणून तो टिकतो. नागाची पूजा कुणी बंद केलेली नाही. मूर्तीची, प्रतिमेची पूजा चालू आहे. बंद झालं ते पकडणं, मडक्यात कोंडणं आणि मिरवणं.

त्याच कायद्याच्या कलम 12 मध्ये शिक्षण, शास्त्रीय अभ्यास अशा कारणांसाठी विशेष परवानगीची सोय आहे. 2025 च्या नागपंचमीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं शैक्षणिक हेतूनं मर्यादित परवानगी दिली ती याच वाटेनं, धर्मस्वातंत्र्याच्या वाटेनं नाही. परंपरा जपायची असेल तर कुठल्या दारातून जायचं हे त्यावरून कळतं.

सरळमुद्दा

मुळात धर्मनिरपेक्ष हा शब्द 1976 ला आणीबाणीत घुसडलेला. तो काढला की हे सगळे प्रश्नच मिटतात.

कोर्टरोड

मिटत नाहीत. तो शब्द 42 व्या घटनादुरुस्तीनं आला, 3 जानेवारी 1977 पासून लागू झाला, इथवर बरोबर. पण कलम 14, 15 (समानता आणि भेदभावबंदी) आणि 25 ते 28 (धर्मस्वातंत्र्य) हे 26 जानेवारी 1950 पासून आहेत. 1994 च्या बोम्मई निकालात धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत संरचनेत धरली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तो शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळल्या. शब्द राहो न राहो, नियम 5 मधले 10 ते 6 तसेच राहणार. या विषयावर वेगळा धागा काढा.

माणदेशी_सातारा

ग्रामसभा आणि पैसा यांवर.

ठराव जरूर घ्या, पण शब्दरचना जपून. 'मशिदीवरील भोंगा बंद करावा' असा ठराव म्हणजे कलम 14, 15 आणि 25 तिन्हीला धक्का, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं तो इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला तर पहिली चौकशी त्याचीच. ध्वनिक्षेपकाला परवानगी देणं-नाकारणं हा ग्रामपंचायतीचा अधिकारही नाही. करता येतं ते एवढं: 'गावातील सर्व धार्मिक, सामाजिक, राजकीय व कौटुंबिक कार्यक्रमांत छपरावरील भोंग्याऐवजी मंडपातील स्पीकर वापरावेत, ध्वनी नियम 2000 चे पालन करावे' अशी सर्वांना सारखी शिफारस. 'कौटुंबिक' शब्द विसरू नका. लग्नाच्या वरातीतला डीजे वगळला की मंदिर-मशीदवाले दोघंही बरोबर बोट दाखवतात. ठरावाला सूचक मंदिराच्या बाजूचा आणि अनुमोदक जमातीचा असेल तर आणखी बरं. सांगली जिल्हा या बाबतीत कोरा नाही. गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, कडेगावच्या ताबुतांना दोन्ही समाजांचे खांदे लागतात.

साऊंड मात्र ग्रामपंचायतीच्या पैशातून नको. कलम 27 सांगतं, की ज्याचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी राखून ठेवलंय असा कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. आता 2011 मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर गेला तरच 27 मोडतं. त्यामुळे एका ॲम्प्लिफायरवरून घटनाभंग होणार नाही. पण तुम्हाला गाठणार ते लेखापरीक्षण. 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, आणि उरलेल्यातून मंदिराचा माईक घेतला तर आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर लागते. दरवर्षी कुठं ना कुठं हे होतंच.

सप्ताहाला आणि उरुसाला येणाऱ्या माणसांसाठी पाण्याचा टँकर, फिरतं शौचालय, दिवाबत्ती, रस्त्याचा मुरूम हे सगळं मात्र चालतं. ती सोय माणसांची आहे, देवाची नाही. मोठी यात्रा भरत असेल तर 'क' वर्ग यात्रास्थळाचा दर्जा मिळवून जिल्हा नियोजन समितीतून सुविधा आणा. साऊंड वर्गणीतून घ्या.

पूर्वभाग_सांगली

सगळ्यांचे आभार. दोन्ही कमिट्या काल एकत्र बसल्या. भोंगे दोन्हीकडचे उतरवायचं ठरलं. सप्ताहाचा नवा क्रम असा धरलाय: काकडा 4.30 ते 6 गाभाऱ्यापुढच्या बंद सभामंडपात, माईक नाही. पारायण 8 ते 11. प्रवचन 4 ते 5, हरिपाठ 5.30 ते 6.30, कीर्तन 7.30 ते 9.45. जागर आणि वीण्याचा पहारा सभामंडपात, दारं लावून. काल्याचं कीर्तन शेवटच्या दिवशी सकाळी 10 ते 12. उरुसाची कव्वाली संध्याकाळी 7 ते 10. नोटिशीच्या उत्तरात असं लिहिलंय: 'परंपरेनुसार योग्य त्या वेळेत व मर्यादित आवाजात कार्यक्रम करण्यात येतील.' एवढं पुरेल का?

कोर्टरोड

क्रम चांगला बसवलाय. महाराजांना आत्ताच फोन करून 7.30 सांगा, सहसा ते आधीच्या गावाहून निघतानाच उशीर झालेला असतो.

उत्तरातलं ते वाक्य मात्र काढा. 'योग्य त्या वेळेत' आणि 'मर्यादित' याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो. त्याऐवजी लिहा: 'छपरावरील ध्वनिक्षेपक दिनांक अमुक रोजी काढले आहेत. सकाळी 6 पूर्वी व रात्री 10 नंतर उघड्या जागेत ध्वनिक्षेपक व वाद्ये वापरली जाणार नाहीत. सप्ताहातील वेळापत्रक व स्पीकरचा नकाशा सोबत जोडला आहे. परवानगीचा स्वतंत्र अर्ज दिनांक अमुक रोजी सादर केला आहे.' भोंगे उतरवल्याचा फोटो जोडा. दोन्ही कमिट्यांनी उत्तर वेगवेगळं द्या, नोटिसा वेगळ्या आहेत, पण एकाच दिवशी द्या. आवक क्रमांकाची पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

मिरज_साऊंड

आणि कीर्तन 9.45 ला संपवायचं तर आरती धरून बोला. आरती, पसायदान, मग कुणीतरी उद्याच्या अन्नदात्यांची नावं वाचतो, त्यातच वीस मिनिटं जातात. नावं कीर्तनाच्या आधी वाचा.